न झालेल्या बाळंतपणांचा हिशेब

अमेरिकेच्या जॉर्जिया आणि फ्लोरिडा या राज्यांलगतच्या उथळ समुद्रात उत्तर अटलांटिकमधील ‘राइट व्हेल’ या देवमाशाच्या माद्या दर हिवाळ्यात विण्यासाठी येतात. २०१७-१८ च्या मोसमात तिथे निरीक्षकांना एकही पिल्लू आढळले नाही. त्याआधी, २०१७ या एकाच वर्षात, या जातीचे १७ देवमासे मेलेले सापडले होते आणि त्याची बातमी जगभर झाली. जे पिल्लू पोटातच राहिले नाही त्याचे कलेवर मात्र कोणत्याच किनाऱ्याला लागत नाही, त्याचा पंचनामाही होत नाही. ही जात का घटते आहे ते कळायचे असेल, तर मृत्यूंइतकेच या न झालेल्या बाळंतपणांकडे पाहावे लागेल.

या देवमाशाच्या शिकारीवर १९३५ पासून बंदी आहे. तरीही २०१० च्या सुमारास ४८० च्या घरात असलेली संख्या आता ३८० च्या आसपास आली आहे, आणि त्यांत विणाऱ्या माद्या जेमतेम सत्तर. पोटात पिल्लू वाढायला वर्ष, दूध पाजण्यात जवळपास वर्ष आणि झिजलेल्या अंगावर पुन्हा चरबी धरायला आणखी एक वर्ष, असे तीन वर्षांचे मादीचे चक्र असते. आज दोन वेतांमधले अंतर सात ते दहा वर्षांवर गेले आहे. शेवंडांच्या पिंजऱ्यांना बांधलेला दोर शेपटीला किंवा तोंडाला अडकला, की ती तो महिनोन्‌महिने ओढत पोहते. पिल्लासाठी साठवलेली चरबी त्या ओढाताणीत जळते. ती मरतेच असे नाही, कधी सुटतेही. पण वेत चुकते. या जातीच्या ८५ टक्क्यांहून अधिक देवमाशांच्या अंगावर अशा दोरांचे वळ आहेत. त्यात ते जिथे चरतात त्या मेनच्या आखाताचे पाणी तापल्याने तांदळाच्या दाण्याएवढे कॅलॅनस हे प्लवक, म्हणजे त्यांचे मुख्य अन्न, तिथे कमी झाले. आज जन्मणारे पिल्लू पूर्ण वाढल्यावरही चाळीस वर्षांपूर्वी जन्मलेल्यांपेक्षा सुमारे एक मीटरने आखूड भरते, असे २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आखूड आईच्या अंगावर चरबीही कमीच साठते.

दोरांखेरीज दुसरा धोका जहाजांच्या धडकेचा. ती टाळण्यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत ६५ फुटांवरील जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा घातली. ती लहान बोटींनाही लावण्याचा प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. हा निर्णय आम्हाला घातक वाटतो. माद्या सत्तरच उरल्या असताना एका मादीचा मृत्यू म्हणजे तिच्या पुढच्या साऱ्या वेतांचाही मृत्यू असतो.

आपल्या समुद्रातला हंपबॅक देवमासा याच वाटेवर उभा आहे. जगातले बाकीचे हंपबॅक ध्रुवांकडे चरायला जातात. अरबी समुद्रातले जात नाहीत. पावसाळी वाऱ्यांनी खोल पाणी वर येते, त्या सुगीवर ते इथेच जगतात. जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ७० हजार वर्षे ते इतरांपासून वेगळे आहेत. ओमानलगतच्या संख्येचा अंदाज शंभराच्याही आतला आहे. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात बेकायदा २४२ हंपबॅक मारले. या देवमाशांच्या विणीचा काळ जगाला कळला तो त्या मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांच्या मापांवरून. ज्ञान मिळवण्याची याहून क्रूर रीत आम्हाला ठाऊक नाही.

२०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यालगत आली, पुढे केरळच्या दिशेने दक्षिणेकडे गेली. गोव्याजवळच्या पाण्यात हंपबॅक नरांचे गाणेही ध्वनिमुद्रित झाले आहे, आणि नर गातात ते प्रामुख्याने विणीच्या हंगामात. कोकण-गोव्याचा समुद्र या जातीच्या संसाराचा भाग आहे, असे मानायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले, तेव्हा गावकरी आणि सरकारी यंत्रणा त्याला समुद्रात लोटण्यासाठी अक्षरशः झटल्या. ते वाचले नाही. ही कळकळ खरी आहे. ती किनाऱ्यापासून आत, खोल पाण्यापर्यंत न्यायला हवी. जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणली. ती उत्तम आहे. पण ज्याचे पोट जाळ्यावर आहे त्याला भरपाई झटपट आणि जाळ्याच्या खऱ्या किमतीइतकी मिळाली पाहिजे, तरच सुरी जाळ्यावर चालेल. केंद्राने २०१८ मध्येच या हंपबॅकचा समावेश प्रजाती पुनरुज्जीवन कार्यक्रमात केला. त्या नोंदीला आता पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजमार्गांचा आणि हंगामी वेगमर्यादेचा आराखडा जोडला जावा.

पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि पुढे या किनाऱ्यावरची मोठ्या जहाजांची वर्दळ वाढणार आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत पाण्याखाली ध्वनिमुद्रक बसवण्याचा खर्च त्या बंदराच्या खर्चापुढे नगण्य आहे. कुठे गाणे ऐकू येते, कोणत्या महिन्यात येते, याचा नकाशा वाढवणला पहिले जहाज लागण्याआधी तयार असला पाहिजे.