कौलं कोण आणणार?

वडिलोपार्जित वाड्यावरचे प्रेम मोजायला यंत्र लागत नाही. घरच्या बैठकीत ‘वाडा विकायचा नाही!’ असे जो सर्वांत मोठ्याने म्हणेल, त्याच्यापुढे छपराच्या दुरुस्तीचा खर्च ठेवावा. तापमापकातला पारासुद्धा इतक्या झटकन उतरत नाही.

आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. दिंडी दरवाजा, चौक, सागवानी खांब, सगळे यथासांग. वारस अकरा. तिघे पुण्याला, दोघे ठाण्याला, एक अमेरिकेत, चौघे (त्यांत मीही आलो) गंगापूर रोडच्या फ्लॅटांत, आणि वाड्यात प्रत्यक्ष राहणारा एकटा दादा. गंमत अशी, की वाड्यापासून माणूस जितका लांब, तितकी त्याची माया दाट. अमेरिकेतल्या भाच्याला म्हणे ओल्या भिंतींचा वास आठवून गलबलून येते. दादाला तो आठवावा लागत नाही. श्रावणात उशीलाच येतो.

सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा पुरातत्त्व खात्याच्या हाती आहे. त्याला एक सरकार. आमच्या वाड्याला अकरा! त्यांत पक्ष तीन: ‘विका’, ‘ठेवा’ आणि ‘बघू’. माझे भांडण पहिल्या दोघांशी नाही. विकणारा निदान गिऱ्हाईक आणतो, ठेवणारा निदान उसासा टाकतो. ‘बघू’वाला चहा पितो आणि पुढच्या दिवाळीची तारीख देतो. मधल्या काळात पाणी भिंतीत मुरते, तुळईचे भिंतीतले टोक कुजते, आणि वरून सगळे ठाकठीक दिसत असते. जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिका पावसाळ्याआधी नोटिसा देते. तरी पावसाळ्यात कुठली तरी भिंत बसतेच. भिंत काही ‘बघू’ म्हणत नाही. आणि ती पडते तेव्हा खाली पुण्याचा वारस नसतो, दादा असतो.

या ‘बघू’पंथीयांचे एकाच बाबतीत मात्र लगेच एकमत होते: ‘बहिणींनी सही करून टाकावी, म्हणजे कटकट मिटेल.’ साडीचोळीवर बोळवण आणि वर हक्कसोडपत्र! यांना वाटते, अजून १९५६ सालच चालू आहे. त्या सालच्या हिंदू वारसा कायद्यात खरोखरच कलम २३ होते: राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी काढली तरच मुलीला ती मागता येई. ते कलम २००५ साली गेले, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच जन्माने हक्कदार ठरली. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. आमच्या ताईने कायदा न उघडताच उत्तर दिले, “अरे, भाऊबीजेला ओवाळणी भावाने घालायची असते. तुमचं उलटंच चाललंय!”

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की तारीख ठरवा. पुढच्या मृगाच्या आत. ठेवायचा असेल, तर हिश्शाप्रमाणे पैसे आधी टाका, अमेरिकेसकट. आणि दादाने आजवर पदरचे घातले ते हिशेबात धरा. विकायचा असेल, तर किंमत काढा आणि बहिणींचा वाटा भावांइतकाच धरा. जमत नसेल, तर सरळ कोर्टात जा. घराची वाटणी नीट होण्यासारखी नसेल, तर विक्रीची सोय १८९३ च्या वाटणी कायद्यातच आहे. त्यात एका वारसाला दुसऱ्याचा हिस्सा ठरल्या किमतीने घेण्याचीही वाट आहे. कोर्टात गेल्याने घराण्याचे नाक कापले जाते म्हणतात. कापले जाऊ दे. दादाचे डोके फुटण्यापेक्षा ते बरे.

तेव्हा पुढच्या बैठकीत कुणी ‘बघू’ म्हटले, तर त्याला चहा देऊ नये. छत्री द्यावी, आणि पावसाळाभर माडीवर झोपायला धाडावे.