नवा संगणक सुरू होत नाही, तेव्हा पहिला प्रश्न कोणता विचारायचा?



लोकवर्गणीतून आमच्या शाळेला संगणकासाठी थोडे पैसे मिळाले. तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग आणून मुलांच्या हातूनच तो जोडून घ्यावा, असं मी ठरवलं. आठवीची मुलं दोन दिवस शाळा सुटल्यावर हौसेनं थांबली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस अशी एकेका भागाची ओळख झाली आणि जोडणीही पूर्ण झाली. सगळे भोवती गोळा झाले. एका मुलीनं बटण दाबलं आणि... काहीच नाही. पुन्हा दाबलं. तरी सगळं शांत.

तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "बटणाची वायर कोणी लावली होती रे?"

सगळ्यांच्या माना एका मुलाकडे वळल्या. तो हळूच म्हणाला, "सर, पुस्तिकेत बघूनच लावली." मी म्हणालो, "बघून लावली असतीस, तर चालू नसता का झाला?" त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. मुलं घरी गेली, पण त्याचा उतरलेला चेहरा काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी बटण दाबणारी मुलगी म्हणाली, "सर, पहिल्यांदा दाबलं तेव्हा पंखा जरासा हलला होता. नंतर नाही हलला." हे ती आदल्या दिवशीही सांगत होती. मीच लक्ष दिलं नव्हतं.

या एका वाक्यात अर्धं उत्तर होतं. पंखा हलला, म्हणजे बटणाचा इशारा बोर्डापर्यंत पोहोचत होता. म्हणजे त्या मुलाची वायर बरोबर होती! पंखा हलून लगेच थांबला, याचा अर्थ बहुधा कुठेतरी शॉर्ट होत होतं आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडत होता. असे बरेच एसएमपीएस एकदा बंद झाले की मुख्य वीज काढून थोडं थांबल्याशिवाय परत उठत नाहीत. म्हणून दुसऱ्या वेळी पंखा हललासुद्धा नाही. आम्ही वीज काढली, थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा बटण दाबलं. पंखा हलला, थांबला. अगदी तस्संच!

मग प्लग काढून बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅम एवढंच ठेवलं. वीज जोडली आणि बटणाच्या वायरच्या दोन पिना मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडल्या. पंखा फिरायला लागला आणि फिरतच राहिला! म्हणजे बोर्ड चांगला होता, दोष कॅबिनेटच्या बाजूला होता. आत पाहिलं, तर बोर्ड ज्यांवर बसतो त्या बारक्या पितळी खुंट्यांपैकी, म्हणजे स्टँडऑफपैकी, एक जास्तीची होती. मोठ्या बोर्डासाठीची ती खुंटी आमच्या लहान बोर्डाच्या भोकाखाली न येता त्याच्या पाठीला टेकत होती.

आणि त्या खुंट्या तपासायचं काम कोणाचं होतं? माझं!

मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. तो काही बोलला नाही. पण बोर्ड परत बसवताना प्रत्येक खुंटी भोकाखालीच आहे ना, हे त्यानं दोनदा मोजून पाहिलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की बिघाड झाला की "कोणी बिघडवलं?" असं न विचारता "काय दिसलं?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नानं मुलं गप्प होतात आणि जे पाहिलं तेही लपवतात. दुसऱ्या प्रश्नानं पुरावा हाती येतो. नवा जोडलेला संगणक पहिल्या फटक्यात सुरू झाला नाही, तर तो जोडणाऱ्याचा नालायकपणा नसतो. बहुतेक वेळा एखादी जोडणी राहिलेली किंवा अर्धवट बसलेली असते.

तुमच्या घरी किंवा शाळेत अशी वेळ आली, तर मुलांना या क्रमानं तपासू द्या :

१. भिंतीवरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का पाहा. एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू आहे का, तेही पाहा. हसू नका, पुष्कळदा दोष इथंच सापडतो.

२. प्लग काढून २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वायर नीट बसली आहे का पाहा. खटका बसल्याचा आवाज यायला हवा.

३. बटणाची वायर योग्य पिनांवर आहे का, हे पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहा. बटणाच्या दोन तारा उलटसुलट झाल्या तरी चालतं. दिव्याच्या तारांचं मात्र तसं नाही, त्या उलट लागल्या तर दिवा लागत नाही.

४. पंखा फिरतोय पण पडदा काळाच, तर तो वेगळा आजार. तेव्हा रॅम काढून पुन्हा बसवा, प्रोसेसरची वायर आणि मॉनिटरची केबल तपासा.

५. एवढं करूनही जमलं नाही, तर आमच्यासारखा बोर्ड बाहेर काढून कमीत कमी भागांवर चालवून पाहा.

एका वेळी एकच बदल करायचा आणि काय झालं ते वहीत लिहायचं. विज्ञानाच्या तासाला 'निरीक्षण, अंदाज, पडताळा' आपण फळ्यावर लिहितो ना, ते हेच!

दोन गोष्टी मात्र मोठ्यांनी पाळायच्याच. आत हात घालण्याआधी प्लग काढायचा आणि एसएमपीएस कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक वीज साठून राहू शकते. पिना स्क्रू-ड्रायव्हरनं जोडायचं कामही मोठ्यांनीच करावं.

काही जण म्हणतील, "गुरुजी, मेकॅनिकला बोलावलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं." खरं आहे. काम झालं असतं, शिकणं झालं नसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, ते हातानं काम करत शिकण्यासाठीच. त्यातला एखादा दिवस बंद पडलेल्या वस्तूला द्या. संगणकच हवा असं नाही, घरची टॉर्चसुद्धा चालेल.

फक्त त्या दिवशी पहिला प्रश्न जपून विचारा.