"कोडीन नाही, बिनधास्त द्या!"

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही रागात. सांभाळून घ्या.

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की आमच्या तळेगावात धूळ उडते आणि घरोघरी खोकला सुरू होतो. या वेळी नातवाचा नंबर लागला. वय साडेतीन. दोन रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. तेवढ्यात मेहुण्यांचा फोन, "दाजी, ते गुंगीचं औषध द्या की चमचाभर. पोरगं गप झोपंल."

(मेहुणे हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथंच सांगतो.) अहो, एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देऊन जायच्या. त्यांचा नाइलाज होता. आपला काय आहे? तुमच्या त्या बाटलीतलं कोडीनही अफूचंच. पोटात गेल्यावर त्यातल्या काहीचं मॉर्फीन होतं. काही मुलांच्या शरीरात ते इतकं झपाट्यानं होतं की श्वासच मंदावतो. अमेरिकेनं २०१८ साली १८ वर्षांखालच्या मुलांसाठी अशी खोकल्याची औषधं बंद केली.

एवढं मला ठाऊक होतं. त्यामुळे मी मोठ्या शहाणपणानं औषधाच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "अफूचं नको, दुसरं दे." दुकानदार माझाच विद्यार्थी. त्यानं डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, मुलाचं वय विचारलं नाही. बाटली पुढं सरकवली. "सर, यात कोडीन नाही, बिनधास्त द्या!"

घरी येऊन भिंग लावलं. तीन औषधांचं मिश्रण, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत : चार वर्षांखालील मुलांना देऊ नये.

माझं भांडण या 'बिनधास्त'शी आहे. अफू नाही म्हणजे औषध निर्धोक, हे कुणी ठरवलं? २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लेकरं गेली. त्यातल्या कितीतरी मुलांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्या कोल्ड्रिफमध्ये अफूचा अंश नव्हता. तामिळनाडूच्या तपासणीत सापडलं ते डायएथिलीन ग्लायकॉल, ४८.६ टक्के! चालतं ०.१ टक्का. हे कारखान्यात वापरायचं द्रव्य. औषध पातळ आणि गोडसर करायला जे द्रव वापरतात त्यात ते भेसळीनं शिरतं. मुलाची लघवी बंद होते, मूत्रपिंडं निकामी होतात. आणि हे आपल्याला नवं आहे का? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषानं १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, केवढा गाजला! माझ्या पिढीनं ते पेपरात रोज वाचलं आणि विसरली.

बरं, भेसळ नसली तरी काय? कोडीनऐवजी सर्रास देतात ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन. २०२१ मध्ये त्याची बाधा होऊन दिल्लीच्या कलावती सरन रुग्णालयात तीन मुलं गेली. मिश्रणांची तर वेगळीच गंमत. एकाच बाटलीत खोकला दाबणारं औषध आणि कफ सुटा करणारंही! म्हणजे सायकलचं पॅडल मारायचं आणि ब्रेकही दाबून धरायचा. सरकारनं २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, प्रकरण कोर्टात गेलं, २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा घातली. तरी फळीवर बाटल्यांची रांग आहे तशीच आहे, कारण आपल्याला बाटली हवी असते. डॉक्टरांनी "काही लागणार नाही, आठ-दहा दिवसांत जाईल" म्हटलं की आपण बाहेर येऊन म्हणतो, "याला काही येत नाही." हे मीही म्हटलेलं आहे.

कोडीन नसलेलं औषध निवडायचंच, पण आधी खोकला कशाचा ते कळू द्या. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे हटत नसेल तर बाटल्या बदलत बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट आहे. क्षयरोग सिरपनं जात नाही. पोराचं पोट उडत असेल, धाप लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केंद्राच्या आरोग्य खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली ही औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा नाहीत.

आम्ही डॉक्टरांना दाखवलं. छाती स्वच्छ होती. झोपताना चमचाभर मध, कोमट पाणी, उशाला थोडी उंची, बस. (मध एक वर्षाखालच्या बाळाला मात्र बोटानंही चाटवू नका.) खोकला नवव्या दिवशी गेला. त्या नऊ रात्री सूनबाई आणि आमची ही आळीपाळीनं जागल्या, हेही लिहायला हवं.

बाटली परत द्यायला गेलो. विद्यार्थी म्हणाला, "सर, लोक मागतात म्हणून देतो." मला उत्तर सुचलं नाही, कारण मागणारा मीच होतो. पैसे त्यानं परत दिले.

मेहुण्यांच्या फ्रिजच्या दारात तीन अर्ध्या बाटल्या आहेत, मी पाहिल्यात. पुढच्या रविवारी येतोय. भिंग घेऊन.