दुरुस्तीमागचे कारण

एखादा मजकूर अनेकांनी मिळून संपादित करताना प्रत्येक बदलाची नोंद राहावी की नाही, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. माझ्या मते तो मुळात वाङ्मयीन आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली लिनक्सच्या विकासासाठी निर्माण केली. आज तिच्या साहाय्याने लेख आणि पुस्तकेही संपादित होतात. संपादक मुख्य मजकुराला हात न लावता वेगळ्या शाखेत बदल सुचवतो. सहकारी ओळीओळीवर अभिप्राय देतात. मान्य झालेला बदल मुख्य मजकुरात विलीन होतो. कोणी आणि केव्हा बदलले, हे प्रणाली नोंदवते. का बदलले, हे मात्र माणसानेच लिहायचे असते.

ही शिस्त आपल्या विद्यापरंपरेला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकारलेल्या पाठाखाली हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले आहेत. त्यामुळे संपादकांचा निर्णय न पटणाऱ्या अभ्यासकालाही पुनर्विचाराचे साधन उपलब्ध राहते.

आता समजा, चार विद्यार्थी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करीत आहेत. ओवीतील ‘व्हता’ हे रूप एकाने ‘होता’ असे ‘शुद्ध’ केले. नोंद नसेल, तर बोलीचे रूप लोपते आणि गाणाऱ्या स्त्रीचा शब्द आपण पुसला, हे इतरांच्या ध्यानातही येत नाही. नोंद आणि परीक्षण असेल, तर तो बदल केवळ प्रस्ताव ठरतो. त्यावर हरकत घेता येते आणि मूळ रूप परत आणता येते.

अशा पद्धतीने काम लांबते, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक स्वल्पविरामावर चर्चा करण्याचे कारणही नाही. परंतु अर्थ, बोली आणि मूळ पाठ यांना स्पर्श करणाऱ्या बदलाला कारण हवेच. शिवाय, न वाचताच मान्यता देणाऱ्या परीक्षकाची उणीव कोणतेही साधन भरून काढू शकत नाही.

गिट शिकणे शक्य नसल्यास शब्दसंस्कारकातील बदल-नोंदीची सोय किंवा साधी वहीही पुरते. दुसऱ्याच्या मजकुरातील बदलाचे कारण एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर तो बदल करू नये, एवढा नियम आपल्या गटाने अवश्य पाळावा.