अंतर आणि अवधी

दोन गावांमधले अंतर पूर्वी मुक्कामांत सांगितले जाई. ‘चार मुक्कामांची वाट’ म्हटले, की वाटेतला घाट, नदीचा उतार आणि बैलांची दमणूक यांचाही हिशेब त्यात आलेला असे. विमानप्रवासात हा हिशेब मागे पडला. विमान सुटण्याची आणि उतरण्याची वेळ पाहून माणूस प्रवासाचा अवधी ठरवू लागला. ही समजूत अपुरी आहे.

पुणे आणि बंगळूर यांचे उदाहरण घ्यावे. या दोन शहरांतील अंतर रस्त्याने सुमारे ८४० किलोमीटर, तर आकाशमार्गाने सुमारे ७२० किलोमीटर आहे. संध्याकाळी पुण्याहून निघालेली बस दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोहोचते. विमानाला सुमारे दीड तास पुरतो. पण हा दीड तास विमानाचा आहे, प्रवाशाचा नव्हे.

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी या वस्तीत हा फरक चांगला कळतो. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्याच्या विमानतळावरून पुढे प्रवासी विमानेही ये-जा करू लागली. मारतहळ्ळीहून तो चार-पाच किलोमीटरवर होता. वाढत्या शहराला तो अपुरा पडू लागला. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्यावरील नियमित प्रवासी वाहतूक बंद झाली. नवा विमानतळ मारतहळ्ळीहून सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. आकाशातील दीड तास तेवढाच राहिला. घरापासूनची वाट मात्र लांबली. रस्त्यावरील गर्दी, विमानतळावरील तपासणी, सामानाची प्रतीक्षा आणि पुण्यातील वाहतूक धरली, तर दीड तासाचे सहज सहा तास होतात.

युरोपातही हाच अनुभव येतो. लंडन ते पॅरिस हे सुमारे ३४० किलोमीटरचे हवाई अंतर विमान सव्वा तासात तोडते. समुद्राखालील बोगद्यातून १९९४ पासून धावणाऱ्या रेल्वेला सव्वादोन ते अडीच तास लागतात. तरीही असंख्य प्रवासी रेल्वेच पसंत करतात; कारण ती शहराच्या मध्यातून निघते आणि मध्यातच पोहोचवते.

हा हिशेब केवळ सोयीचा नाही. उदरनिर्वाहासाठी परगावी राहणारी मुले ‘दीड तासात येऊ’ असा धीर आईवडिलांना देतात. आजारपणाचा निरोप येतो, तेव्हा उरलेल्या साडेचार तासांचे मोल कळते. आईवडील साताऱ्याकडील एखाद्या खेड्यात असतील, तर वाट आणखी लांबते.

म्हणून प्रवाशाने घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा वेळ मोजावा. शासनानेही नव्या विमानतळाची जागा ठरवतानाच तेथवरच्या रस्त्याची आणि रेल्वेची तजवीज करावी. विमानाचा वेग वाढवणे शास्त्रज्ञांच्या हाती आहे. विमानतळापर्यंतची वाट सुकर करणे नियोजनकर्त्यांच्या हाती आहे, आणि ते काम मागे राहता कामा नये.