गावाचे जुने रिपोर्ट कुणी पाहिलेत का?

नवा रुग्ण आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जुने रिपोर्ट आणलेत का?" आजच्या एक्स-रेवर छातीत डाग दिसला, तर दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे शेजारी लावून पाहतो. डाग तेव्हाही तसाच असेल, तर बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. नवा असेल, तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतात.

मढ-एरंगळ परिसरातही अशीच तुलना कामी आली. फक्त एक्स-रेच्या जागी जमिनीचे नकाशे होते.

मढमध्ये काय घडले?

मुंबईत १७ एप्रिल १९६४ पूर्वीच्या निवासी बांधकामांना पालिकेचे संरक्षण असते. किनाऱ्यालगतच्या नव्या बांधकामांवर मात्र १९९१ पासून सीआरझेडचे निर्बंध आहेत. म्हणजे मोकळ्या जागेवर 'जुने घर' होते असे कागदावर दाखवता आले, की बंगल्याची वाट मोकळी! सरकारी नकाशांत फेरफार करून अशी नसलेली घरे दाखवली गेली, ही तक्रार एका स्थानिक शेतकऱ्याने मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेली. पुढे पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले गेले आणि २०२५ मध्ये पालिकेने अनेक बांधकामांना नोटिसा दिल्या. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. पण सुरुवात झाली ती एका रहिवाशाने कागद वाचले म्हणून.

डॉक्टरचा यात काय संबंध?

खारफुटी आणि पाणथळ जागा भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेतात. तिथे भराव पडला की पाणी वस्तीत शिरते. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला साधी भेग असली तरी लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने किती माणसे नेली, हे आमच्या पिढीचे डॉक्टर विसरलेले नाहीत.

शहरी मलेरिया पसरवणारा डास बांधकामाच्या टाक्यांत आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो. ताप आला की मी गोळ्या देतो. भराव टाकायची परवानगी कुणी दिली, हे मात्र माझ्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिता येत नाही. ते पालिकेच्या फाइलमध्ये असते.

आपण काय पाहू शकतो?

१. विकास आराखडा २०३४: आपल्या भागात दवाखाना, मैदान, उद्यान यांची आरक्षणे कुठे आहेत ते पाहा आणि त्या जागी आज काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा. २०१५ चा मसुदा आठवतो का? नागरिकांनी त्यातल्या इतक्या चुका दाखवल्या, की सरकारला तो नव्याने करायला सांगावे लागले.

२. किनारा क्षेत्र प्राधिकरणाच्या बैठकांची विषयपत्रिका व इतिवृत्त: कोणत्या प्रकल्पाला काय अटी घातल्या, हे त्यात असते.

३. माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. उत्तर आले नाही, तर पहिले अपील. नुसते प्रश्न विचारू नका. फाइल पाहायला मागा आणि प्रमाणित प्रत घ्या.

४. हरकती-सूचनांची नोटीस: मुदत साधारण महिनाभराची असते. ती टळली की पुढे कोर्टाच्या खेपा. इथेही उपचारापेक्षा प्रतिबंध स्वस्त.

"आमचीच घरे निघाली तर?"

मढच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मला हे विचारले. त्यांची भीती खोटी नाही. कोळीवाडे आणि गावठाणांच्या हद्दी आखण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. कागद उकरले, तर हातोडा आधी गरिबाच्या घरावर पडेल, असे त्यांना वाटते.

मी त्यांना माझ्या धंद्यातले उदाहरण दिले. खोटी मेडिकल सर्टिफिकेटे फार झाली, की खऱ्या आजाऱ्याकडेही साहेब संशयाने पाहतो. नकाशांचेही तेच. खोटी जुनी घरे कागदावर वाढली, की आजोबांच्या काळापासून उभ्या असलेल्या घरालाही पुरावा मागितला जातो. म्हणून स्वच्छ नोंदींची सर्वांत जास्त गरज बंगलेवाल्याला नाही, मावशींना आहे.

प्रत्येक बांधकाम बेकायदा असते, असे माझे म्हणणे नाही. एक्स-रेवरचा प्रत्येक डागही कॅन्सर नसतो. पण तुलना केल्याशिवाय ते कळत नाही.

माझे एवढेच सुचवणे आहे: सोसायटीत, मंडळात किंवा मच्छीमार संस्थेत दोघांनी मिळून आपल्या भागाची एक फाइल सुरू करा. नकाशा, नोटिसा, माहिती अधिकारातली उत्तरे आणि तारखेसह जागेचे फोटो त्यात लावत जा. आपली मधुमेहाची फाइल ठेवता ना, तशीच.