नऊ एकांपाशी थांबू नका

कागद आडवा घ्या आणि १११११११११ या संख्येला, म्हणजे ओळीने लिहिलेल्या नऊ एकांना, त्याच संख्येने गुणा. कॅल्क्युलेटर नको. त्याच्या पडद्यावर १.२३४५६७८९९ आणि पुढे दहाचा १६ वा घात एवढेच उमटेल व खरी गंमत झाकली जाईल. हाताने केलेत तर उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत चढण, मग उतरण!

मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर आणि तेथून लोकलने डोंबिवली असा प्रवास मला अधूनमधून घडतो. डोंबिवली आले की ही संख्या आठवते. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या कुळातील संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिले ते याच स्थानकावरून, जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो म्हणजेच आजची डोंबिवली. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांनाही कापरेकरांनीच 'हर्षद' असे गोड नाव दिले.

येथे बहुतेक जण वही मिटतात. शिक्षकही मिटू देतात, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. आणखी एक १ जोडून तर पाहा! दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गडप, आणि शिखरावर दोन शून्ये.

असे का व्हावे? गुणाकाराच्या मांडणीत मधल्या उभ्या रांगेत आता दहा एक जमतात. शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो. तेथल्या नऊचे दहा होतात, पुन्हा हातचा, आणि त्यापुढच्या आठाचे नऊ होतात. नऊ एकांपर्यंत हातचा आलाच नव्हता, म्हणून मनोरा उभा होता. आठ हा पाया घेऊन संख्या लिहिल्या तर तो सात एकांपर्यंतच टिकेल. सोळा घेतला तर पंधरापर्यंत. म्हणजे ही नक्षी संख्येची नव्हे, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची.

रामानुजनांना केंब्रिजला बोलावणाऱ्या हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अंकांच्या अशा गमतींना गंभीर गणितात स्थान नाकारले. संशोधनापुरते ते मला मान्य आहे, शाळेपुरते मुळीच नाही. प्रयोगशाळेत स्प्रिंगला चार वजने टांगून, आलेखाची सरळ रेषा पट्टीने हवी तितकी पुढे ओढणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. पाचवे, सहावे वजन टांगण्याचे कष्ट कोण घेणार? स्प्रिंग मात्र एका मर्यादेपलीकडे ताणली की पूर्वीच्या लांबीवर परत येत नाही. हातच्याचेही असेच आहे, आणि तो पाहायला प्रयोगशाळाही लागत नाही.

आता अकरा एक घ्या. किती रांगांतून हातचा निघेल ते आधी वहीत लिहून ठेवा, आणि मगच गुणाकाराला बसा.